भूक कमी करणारं इंजेक्शन घेतलं आणि बीपीची गोळी कमी झाली, ती कशी?

शेजारच्या काकूंनी परवा हाक मारून घरात बोलावलं. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीला टेकून, वजन कमी करायच्या इंजेक्शनचं पेन उभं होतं. टेबलावर बीपी मोजायचं मशीन आणि त्याच्याशेजारी शंभर पानी वही. वहीत रोजचे सकाळ-संध्याकाळचे आकडे, तारखेसकट. चार महिन्यांपूर्वी १४८/९२, १४६/९०. मग १३८, १३२. शेवटच्या पानावर ११८/७४. डॉक्टरांनी दोनपैकी एक गोळी बंद केली होती.

"मला एक सांग," काकू म्हणाल्या. "इंजेक्शन भुकेचं, गोळी बीपीची. भूक पोटात लागते, बीपी हाताला पट्टा बांधून मोजतात. या दोघांचा काय संबंध?"

"वजन उतरलं ना, म्हणून," मी म्हटलं.

"अगं, पहिल्या महिन्यात किलोभरसुद्धा उतरलं नव्हतं. आणि बीपी तेव्हापासूनच खाली यायला लागलंय. बघ ना वहीत."

वहीत खरंच तसं होतं. काकूंचा प्रश्न अगदी नेमका होता आणि माझं उत्तर अर्धवट. मार्च २०२५ मध्ये मौन्जारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं आपल्याकडे विकायला आली. तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जात असणार. म्हणून जरा बैठक मारून लिहितेय.

बीपी म्हणजे नेमकं काय वाढतं?

बागेला पाणी घालायचा रबरी पाइप डोळ्यांसमोर आणा. त्यातला दाब तीन प्रकारांनी वाढतो. पंप जोरात चालवला, पाइप बोटांनी आवळला, किंवा पाणीच जास्त सोडलं. शरीरात पंप म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. आणि अंगात पाणी किती ठेवायचं ते मूत्रपिंडं ठरवतात, मिठाच्या हिशोबानं. मीठ धरून ठेवलं की त्याच्यामागे पाणीही राहतं.

या तिन्ही ठिकाणी एकाच जाळ्यातल्या नसा पोचतात. त्यांना सिम्पथेटिक नसा म्हणतात. रस्त्यात कुत्रं अंगावर धावून आलं की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, ते यांचंच काम. पण कुत्रं नसतानाही त्या पूर्ण थांबत नाहीत. आपण वर्तमानपत्र वाचत बसलेलो असतो तेव्हाही त्या मंद चालू असतात, गॅस सिमवर ठेवावा तशा. ज्यांचा हा 'सिम' कायमच थोडा मोठा असतो, त्यांचं हृदय जरा जोरात चालतं, वाहिन्या जरा आवळलेल्या राहतात आणि मूत्रपिंडं मीठ सोडायला कां-कूं करतात. वर्षानुवर्षं असं चाललं की त्याला आपण म्हणतो, "बीपी लागलं."

गॅसची ही कळ मेंदूत आहे. आणि ती फिरवणाऱ्यांत भुकेचा हिशोब ठेवणाऱ्या पेशी आहेत.

कणगी आणि आजी

जुन्या घरांत धान्याची कणगी असायची आणि तिच्यावर नजर ठेवणारी एक आजी असायची. कणगी तळाला गेली की आजी दोन कामं एकदम करायची. कुणाला तरी धान्य आणायला पिटाळायची आणि घरातला खर्च आवळायची. दिवे लवकर मालवा, चूल एकदाच पेटवा. कणगी भरली की दोन्ही हुकूम मागे. बाजाराची घाई नाही, आणि खर्चालाही हात सैल.

आपल्या शरीरातली कणगी म्हणजे चरबी. आजी बसते हायपोथॅलॅमसमध्ये. हा मेंदूच्या तळाशी, जवळजवळ मधोमध असलेला बदामाएवढा भाग. भूक लावणं हे तिचं एक काम झालं, पण खर्च आवळणं हेही तिचंच काम आहे. शरीराचा खर्च म्हणजे अंगातली ऊब, हृदयाचे ठोके आणि त्या सिम्पथेटिक नसांमधला जोर. भुकेचा हिशोब ज्याच्याकडे, त्याला बीपीच्या कळीला हात लावल्याशिवाय कामच करता येत नाही. काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आजीचा कारभार चिठ्ठ्यांवर चालतो. या चिठ्ठ्या म्हणजे पेप्टाइडं. अमिनो आम्लांचे मणी ओवून मोठी माळ झाली की ते प्रथिन, छोटी माळ राहिली की पेप्टाइड. चिठ्ठी वाचायला समोरच्या पेशीवर खिडकी लागते, आणि ठरावीक खिडकीत ठरावीक चिठ्ठीच बसते.

कणगी किती भरली आहे याची चिठ्ठी चरबीच्या पेशी स्वतः पाठवतात. तिचं नाव लेप्टिन. ती मेंदूत पोचली की तिथे दोन परस्परविरोधी गट कामाला लागतात. एक गट "पुरे झालं" अशी चिठ्ठी लिहितो. ती फक्त १३ मण्यांची, मेलानोकॉर्टिन कुळातली, आणि जिथे वाचली जाते ती खिडकी 'एमसी४' या नावानं ओळखली जाते. दुसरा गट "आण, अजून आण" असं लिहितो. त्याची मुख्य चिठ्ठी ३६ मण्यांची, तिला एनपीवाय म्हणतात. लेप्टिन भरपूर असेल तर पहिल्या गटाचा आवाज चढतो, कमी पडलं तर दुसऱ्याचा.

आता मुद्द्याची गोष्ट. "पुरे झालं" ही चिठ्ठी भूक मारते, पण सिम्पथेटिक नसांचा गॅस मोठा करते. एनपीवाय मेंदूत भूक लावतं आणि गॅस बारीक करतं. म्हणजे खर्चाचा हुकूम आणि बाजाराचा हुकूम नेहमी जोडीनं निघतात.

सगळ्यात जाड उंदीर आणि त्यांचं कमी बीपी

हे सगळं कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या जाती पाळतात. १९४९ मध्ये तिथे एक उंदीर असा निघाला की तो खातच सुटला, आणि नेहमीच्या उंदराच्या कितीतरी पट जाड झाला. पुढे तसाच दिसणारा आणखी एक वाण सापडला. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञांनी या उंदरांची कातडी शिवून दोन-दोन उंदीर एकमेकांना जोडले, म्हणजे एकाचं रक्त थोडंथोडं दुसऱ्यात जाईल. दुसऱ्या वाणाच्या जाड उंदराला साधा उंदीर जोडला, तर साध्यानं खाणंच सोडलं आणि समोर अन्न असताना तो उपाशी मेला. पहिल्या वाणाचा जाड उंदीर साध्याला जोडला, तर जाड्याचं खाणं कमी झालं. कोलमननी अर्थ लावला तो असा, की रक्तातून "पुरे" सांगणारं काहीतरी वाहतंय. पहिल्या वाणाला ते बनवता येत नाही. दुसऱ्याकडे ते उदंड आहे, पण वाचणारी खिडकीच नाही.

ते 'काहीतरी' सापडायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला तो जनुक मिळाला आणि त्या पदार्थाला नाव पडलं लेप्टिन. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे बारीक.

जगाचं लक्ष तेव्हा वजनाकडे होतं. पण काही संशोधकांनी या जाड उंदरांचं बीपी मोजलं. जाड माणसाला बीपी असतं हे सगळ्यांना ठाऊक. त्या हिशोबानं इतक्या जाड उंदरांचं बीपी आभाळाला टेकायला हवं होतं. लेप्टिन नसलेल्या उंदरांचं बीपी वाढलेलं तर नव्हतंच, उलट कमी निघालं. आणि साध्या उंदरांना लेप्टिन टोचलं, तर ते खायला कमी लागले, बारीक झाले, आणि त्यांच्या सिम्पथेटिक नसा जोरात चालू लागल्या. काही दिवस सतत लेप्टिन दिलेल्या प्राण्यांचं वजन उतरत असताना बीपी चढत गेलं.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. बीपी वाढतं ते नुसत्या किलोंच्या ओझ्यानं, असं मी इतकी वर्षं समजत होते. ओझं तेच, पण चिठ्ठी नाही, तर बीपीही नाही.

माणसांतही हेच का?

उंदरांचं उंदरांपाशी, असं कुणी म्हणेल आणि ते रास्तच आहे. माणसांचा पुरावा दोन ठिकाणांहून आला.

पहिला, लेप्टिनच न बनवू शकणारी मुलं. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतल्या दोन भावंडांची नोंद प्रसिद्ध केली, नात्यानं चुलत-मावस. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. त्यांची भूक म्हणजे लाड किंवा हावरटपणा नव्हता. मेंदूला कणगी कायम रिकामीच दिसत होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर अशा मुलांची भूक आटोक्यात आली. पुढे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या मायकल काउली यांच्या गटानं दाखवलं, की लेप्टिन किंवा त्याची खिडकी नसलेल्या लोकांचं बीपी एवढ्या जाडीच्या मानानं कमी असतं. त्याच कामात त्यांनी खाऊन-खाऊन जाड झालेल्या उंदरांत लेप्टिनची वाट अडवली, तेव्हा उंदरांचं बीपी उतरलं.

दुसरा पुरावा एमसी४ खिडकीचा. काही माणसांत ही खिडकी बनवणारा जनुक जन्मतःच बिघडलेला असतो. एकाच जनुकामुळे येणाऱ्या लठ्ठपणात हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. केंब्रिजच्या गटानं २००९ मध्ये अशा जाड माणसांची तुलना तितक्याच जाड, पण खिडकी शाबूत असलेल्या माणसांशी केली. शाबूत खिडकीवाल्यांत बीपीचं दुखणं ५३ टक्क्यांना होतं, बिघडलेल्या खिडकीवाल्यांत २४ टक्क्यांना. "पुरे" ही चिठ्ठी वाचलीच जात नाही, म्हणून भूक थांबत नाही. आणि वाचलीच जात नाही, म्हणून गॅसही मोठा होत नाही.

त्याच कामात उलटा प्रयोगही होता. ही खिडकी उघडणारं एक प्रायोगिक औषध जाड स्वयंसेवकांना सात दिवस दिलं. सर्वांत मोठ्या डोसवर, औषध न दिलेल्यांच्या तुलनेत, दिवसभराच्या सरासरीत वरचं बीपी सुमारे ९ आणि खालचं सुमारे साडेसहा अंकांनी चढलं. भूक मारायला निघालेलं औषध जर बीपी चढवत असेल, तर ज्यांना ते हवंय त्यांनाच ते धोक्याचं.

मग भरलेल्या कणगीनं भूक थांबत का नाही?

ही शंका कुणालाही येईल. जाड माणसाकडे चरबी भरपूर, म्हणजे लेप्टिन भरपूर. मग भूक मरायला हवी. तसं होत नाही. एक तर ज्याची चरबी वर्षानुवर्षं जास्त आहे त्याच्या मेंदूत लेप्टिनचा भुकेवरचा परिणाम बोथट होतो. रोज तीच चिठ्ठी आली की वाचणारा लक्ष देईनासा होतो, तसं काहीसं. साध्या लठ्ठपणात लेप्टिनची इंजेक्शनं फारशी चालली नाहीत ती यामुळेच.

पण इथे एक विचित्र गोष्ट घडते. भुकेच्या बाजूला बधिरपणा येतो, खर्चाच्या बाजूला येत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या ॲलिन मार्क आणि सहकाऱ्यांनी जाड उंदरांत हे दाखवलं. लेप्टिननं त्यांची भूक हलत नव्हती, पण मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसा लेप्टिन दिल्याबरोबर खडबडून कामाला लागत होत्या. आजीला "बाजार पुरे" ऐकू येत नाही आणि "खर्च वाढव" मात्र स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे खाणं चालू आणि गॅसही मोठा. दोन्हीकडून नुकसान.

खर्च वाढवण्यात शरीराचा हेतू चांगलाच असावा. लुईस लँड्सबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात मांडलं होतं, की जास्त खाल्ल्यावर सिम्पथेटिक नसा जोर धरतात त्या जादाची साखर-चरबी जाळून वजन जागेवर ठेवायला. पण त्याच नसा हृदयाला, वाहिन्यांना आणि मूत्रपिंडांनाही जातात, त्यामुळे जाळायच्या खटाटोपात बीपी वाढून बसतं. मला हे पटतं. ज्या माणसाला आपण "तुला स्वतःवर ताबाच नाही" असं ऐकवतो, त्याच्या शरीरात वजन रोखण्याचा आटापिटा रात्रंदिवस चाललेला असतो, आणि त्याची किंमत तो बीपीच्या रूपात मोजत असतो.

जाड माणसाचं बीपी फक्त याच वाटेनं वाढतं असं नाही. मूत्रपिंडाभोवतालची चरबी त्याला दाबते. झोपेत घोरून श्वास अडतो, त्यानंही सिम्पथेटिक नसा चिडतात. आणि मीठ तर आहेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खा म्हणते. लोणचं, पापड, फरसाण धरून आपण कुठे पोचतो ते ज्याचं त्यानं पाहावं. मूत्रपिंडांना मेंदूकडून "सोडू नका" असा हुकूम असताना हे मीठ आत आलं, तर ते मुक्कामालाच येतं.

मग बारीक माणसाला बीपी का?

वयानं वाहिन्या कडक होतात, आनुवंशिकता असते, मूत्रपिंडाचे आजार असतात. बारीक माणसाला बीपी होण्याची कारणं पुष्कळ आहेत. पण आपल्याकडे 'बारीक' या शब्दातच एक फसगत आहे, आणि ती पुण्यातच उघड झाली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारीशेजारी उभे दोन डॉक्टर. उंचीच्या मानानं वजन दोघांचं हुबेहूब सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघांत फरक दिसत नव्हता. याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच पाहिलं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण चरबी त्या मानानं राखून.

लेप्टिनची चिठ्ठी किलो मोजत नाही, चरबी मोजते. म्हणून "माझं वजन तर साठच आहे" हे आपल्या माणसाला पुरेसं आश्वासन नाही. पँटचा पट्टा एक भोक पुढे गेला असेल, तर ती बातमी काट्यापेक्षा खरी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना बीपी आढळलं. यातले सगळे आपल्या डोळ्यांना जाड दिसतील असं अजिबात नाही.

उपास केला की बीपी उतरतं का?

खऱ्या उपासमारीत उतरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धट्ट्याकट्ट्या तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव भागानं घटलं. नाडी इतकी मंदावली की काहींची मिनिटाला चाळिशीच्याही खाली गेली. बीपी उतरलं, अंग गार पडलं, उन्हाळ्यात त्यांना पांघरूण लागायचं. दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय विचार नाही. आजीनं दिवे मालवले, चूल विझवली आणि सगळ्यांना धान्य शोधायला धाडलं. लेप्टिन हा शब्द जन्मायला तेव्हा पन्नास वर्षं अवकाश होता, पण या तरुणांच्या अंगात काय चाललं होतं ते आज आपण वाचू शकतो.

एकादशीचं तसं नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वेफर्स, रताळ्याचा कीस यांत कणगीला उपास घडतच नाही, आणि मिठाचे पदार्थ बरेचदा वाढतातच. निर्जळी करणाऱ्यांनी मात्र जपावं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असताना दिवसभर पाणी नाही, हे चक्कर येऊन पडायचं निमित्त होतं. डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

पोटाकडून येणारी चिठ्ठी

एक चिठ्ठी आतापर्यंत बाजूला ठेवली होती. रिकाम्या पोटाकडून "भूक" असं सांगणारी घ्रेलिन. १९९९ मध्ये ती सापडली जपानात, ओसाकाजवळच्या एका हृदयरोग संशोधन केंद्रात, हे मला फार बोलकं वाटतं. निरोगी माणसांना ती टोचली तेव्हा बीपी उतरलं, आणि उतरलेल्या बीपीला सावरायला नाडी वाढते तशी ती वाढलीही नाही. भूक लावणारी चिठ्ठी, गॅस बारीक. हिशोब जुळतो.

पण सगळं इतकं सरळ असतं तर काय हवं होतं! एनपीवाय मेंदूत गॅस बारीक करतं, मात्र तेच पेप्टाइड सिम्पथेटिक नसांच्या टोकांतून रक्तवाहिनीवर पडलं की वाहिनी आवळतं, बीपी चढवतं. चिठ्ठी तीच, दार वेगळं, काम उलटं. म्हणून "अमुक पेप्टाइड बीपी वाढवतं" असं मोबाइलवर फिरत आलं, तर पहिला प्रश्न विचारावा, की कुठे?

आता काकूंचं इंजेक्शन

वेगोव्ही, मौन्जारो ही औषधं ज्या पेप्टाइडाची नक्कल करतात ते जीएलपी-१. मौन्जारो त्याच्या जोडीला आणखी एका आतड्याच्या पेप्टाइडाचीही नक्कल करतं. जेवल्यावर आतडी जीएलपी-१ सोडतात आणि मेंदूही ते स्वतः बनवतो. कुठे, तर मेंदूच्या देठात, मानेच्या वरच्या टोकाशी असलेल्या एका पेशींच्या पट्ट्यात. या पट्ट्याला टपाल कचेरीच म्हणा. पोट ताणलं गेलं ही बातमी तिथे येते, आणि मानेतल्या मोठ्या रोहिणीत दाब किती आहे ही बातमीही तिथेच येते. काकू म्हणाल्या होत्या, भूक पोटात आणि बीपी हाताच्या पट्ट्यात. दोन्हींचं टपाल उतरतं एकाच कचेरीत.

अंगातलं अस्सल जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत तुटून जातं. औषध कंपन्यांनी ते असं बदललंय की सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, अंगात अर्धं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एक टोचणी.

आता वरच्या हिशोबानं भूक मारणाऱ्या या औषधानं बीपी चढवायला हवं. उंदरांत तसं झालंही होतं. त्यांना जीएलपी-१ दिलं की बीपी आणि नाडी दोन्ही चढायचे. भीती रास्त होती, कारण आधी हात पोळले होते. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी मेंदूतली वेगळी रसायनं वाढवायची. ती बीपी आणि नाडी चढवायची, हृदयरोग्यांत तिनं झटके वाढवले, आणि २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून ती गेली. पाठोपाठ भारतातही बंदी आली.

माणसांत जीएलपी-१च्या औषधांनी उलटं केलं. सेमाग्लुटाइडच्या २०२१च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वरचं बीपी सरासरी सहा अंकांनी उतरलं, नुसतं पाणी टोचलेल्यांत एका अंकानं. कारण माणसात या पेप्टाइडाचे आणखी हात आहेत. मूत्रपिंडांना ते मीठ सोडायला लावतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. या दोन गोष्टींना वजन उतरायची वाट पाहावी लागत नाही. काकूंच्या वहीतला पहिला महिना तो हाच. त्यात भर म्हणजे जेवण निम्मं झालं की ताटातलं मीठही निम्मं होतं. मग चरबी उतरते, लेप्टिनची चिठ्ठी पातळ होते, गॅस बारीक होतो.

उंदरांतली ती भीती अगदीच खोटी नव्हती. या औषधांवर नाडी मिनिटाला एक ते चार ठोक्यांनी वाढते, काहींची त्याहून जास्त. तरीही सेमाग्लुटाइड घेतलेल्या, आधीपासून हृदयविकार असलेल्या जाड लोकांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून पाचव्या हिश्शानं कमी झाले. २०२३ मध्ये आलेल्या त्या चाचणीत १७,६०४ माणसं होती.

मग लेप्टिनच अडवून टाकावं का?

बीपी उतरेल, पण लेप्टिन अडवलं की मेंदूला कणगी रिकामी दिसणार आणि भूक केंब्रिजच्या त्या मुलांसारखी होणार. "पुरे"ची खिडकी उघडणारी औषधंही निघाली आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत स्त्रियांसाठी मंजूर झालेलं ब्रेमेलॅनोटाइड भुकेसाठी नाही, पण याच कुळातलं आहे. ते घेतल्यावर बीपी काही तास चढतं, म्हणून बीपी आटोक्यात नसलेल्यांना ते देत नाहीत. २०२० मध्ये आलेलं सेटमेलॅनोटाइड मात्र मुद्दाम एमसी४ खिडकीसाठी, काही दुर्मीळ जनुकीय लठ्ठपणात वापरतात, आणि त्याच्या चाचण्यांत बीपी चढण्याची ती भीती खरी ठरली नाही. एकाच खिडकीवर दोन औषधं दोन तऱ्हांनी टकटक करू शकतात. भूक शमावी आणि गॅसला धक्का लागू नये, अशी टकटक शोधणं हे या क्षेत्रातलं आजचं सर्वांत मोलाचं काम आहे असं मला वाटतं.

हे सगळं मी काकूंना दोन दिवस थोडंथोडं सांगितलं, चहा पितापिता. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे दुसरी गोळीही सोडून देऊ का मी?"

अजिबात नाही. पहिली बंद झाली ती डॉक्टरांनी वही पाहून आणि काकूंनी एक गोष्ट न विसरता सांगितली म्हणून. देवापुढून उठताना दोन-तीनदा त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. उतरलेलं बीपी आणि जुन्याच गोळ्या एकत्र आल्या की असं होतं, वयस्कर माणसांत जास्तच. अशी अंधारी, कोरडं पडणारं तोंड, दिवसभर पोटात न गेलेलं पाणी, हे त्याच दिवशी फोन करून सांगायचं असतं. आणि इंजेक्शन थांबवलं तर भूक, वजन आणि त्यामागून बीपी परत येतं, तेव्हा बंद झालेली गोळी पुन्हा लागू शकते. त्यासाठीही मोजणं चालू हवं.

काकूंनी वही पुढे ओढली. पट्टी घेऊन बीपीच्या रकान्याशेजारी आणखी एक रेघ मारली, वर 'नाडी' असं लिहिलं. मग मशीनच्या मेमरीतले जुने आकडे एकेक करून मागे नेत बसल्या. जानेवारीत ७२, आता ७६.

"हे चार ठोके," त्या म्हणाल्या, "सोमवारी डॉक्टरांना विचारते."